गृहपाठ वर्गात आला तेव्हा

सातवीला गणित शिकवण्यात माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. म्हणून ‘फ्लिप्ड क्लासरूम’चं, म्हणजे पाठ घरी आणि गृहपाठ वर्गात या पद्धतीचं, कौतुक कानावर येतं तेव्हा मी आधी विचारते, मुलांच्या पदरात नेमकं काय पडलं?

मुळात ही सोय होती तास बुडणाऱ्या मुलांसाठी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात वूडलँड पार्क हे डोंगरातलं गाव. सामन्यांसाठी दूरवर जायचं म्हणून खेळाडू मुलं दुपारीच निघत आणि त्यांचे शेवटचे तास बुडत. तिथले रसायनशास्त्राचे शिक्षक जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स २००७ साली आपले पाठ चित्रित करून इंटरनेटवर ठेवू लागले. झालं असं, की वर्गात हजर असलेली मुलंही ते पुन्हा बघायला लागली. मग सॅम्स यांच्या मनात आलं, मुलांना माझी खरी गरज असते ती ती अडतात तेव्हा. आणि अडतात ती घरी, गृहपाठ करताना. पुढच्या शैक्षणिक वर्षी दोघांनी पाठ घरी दिला आणि गृहपाठ वर्गात आणला. महाविद्यालयांत असा प्रयोग आधी झाला होता. ओहायोतल्या मायामी विद्यापीठातला त्यावरचा लेख २००० सालचा आहे.

मी शिकवते त्या वयाची मुलं मला भेटली कॅलिफोर्नियातल्या लॉस आल्टोसच्या शाळांत. तिथे २०१० साली पाचवी-सातवीच्या मोजक्या वर्गांत अमेरिकी शिक्षक सलमान खान यांच्या खान अकॅडमी या संकेतस्थळावरचे गणिताचे पाठ आणि सराव सुरू झाले. सातवीतली ती मुलं गणितात मागे पडलेली होती. त्यांच्यात समाधानकारक पातळी गाठणाऱ्यांचं प्रमाण २३ टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवर गेल्याचं तेव्हा जाहीर झालं. आकडा मोठा, पण मुलं थोडीच. त्यावर मी फार भार टाकणार नाही. मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. कोणतं मूल कुठल्या उदाहरणावर अडलंय हे बाईंना पडद्यावर दिसत होतं आणि त्या थेट त्याच्याजवळ जाऊन बसत होत्या.

करोनाच्या काळात आपल्याकडे व्हिडिओ घरोघरी गेले. फोन वडिलांबरोबर रानात, पोरगी रात्री जेवणं झाल्यावर बघणार, आणि दुसऱ्या दिवशी अडलेलं विचारायला वर्गच नाही. पद्धतीचा अर्धाच भाग आपण चालवला. तेवढ्यावरून पद्धतीलाच नापास करणं मला मान्य नाही.

शिक्षकमित्रांनो, व्हिडिओ पाठवण्याआधी एवढं ठरवा: उद्या वर्गात मोकळा झालेला वेळ कोणत्या मुलाजवळ बसण्यात घालवणार?