संग्रहालयांतील चित्रें व शाळकरी मुलें

संग्रहालयास आपल्याकडे ‘अजबखाना’ हें नांव पडलें, ह्यांतच एका दोषाचें बीज आहे असें आम्हांस वाटतें. अजब वस्तूकडे तोंड वासून पहावयाचें असतें. तिला प्रश्न विचारावयाचा नसतो. मुंबईस भायखळ्याचें संग्रहालय इ. स. १८७२ मध्यें, व प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे सांप्रतचें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ मध्यें लोकांस खुलें झालें. शाळकरी मुलांच्या रांगा तेथून जातात त्या बहुधा एकाच रीतीनें : शिक्षक पाटी वाचतो, मुलें ती वहींत उतरून घेतात, आणि चित्राकडे धड न पाहतां पुढच्या पाटीकडे वळतात. नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर, प्रत्यक्ष समोर उभें असतां शब्दप्रमाणाचा आश्रय केला जातो.

ह्याच्या उलट रीत कशी असावी, तें एका उदाहरणानें दाखवितों. वरील दुसऱ्या संग्रहालयाच्या संग्रहीं ‘अन्वार-इ-सुहैली’ ह्या ग्रंथाच्या अकबरकालीन प्रतीचीं चित्रें आहेत. हा ग्रंथ म्हणजे मूळचें आपलें पंचतंत्रच. खुश्रू नौशेरवानच्या कारकीर्दींत, सहाव्या शतकांत, तें पहलवींत गेलें. आठव्या शतकांत इब्नुल् मुकफ्फा ह्यानें त्याचें अरबी केलें. आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरातच्या हुसेन वाइज काशिफीनें त्यास हें फारसी रूप दिलें. वाटेंत करटक-दमनकांचे कलीला व दिम्ना झाले! हा इतिहास आधीं सांगून टाकूं नये. मुलांस नुसतें चित्र पाहूं द्यावें. कथा ओळखीची, पण माणसें मोगली जाम्यांत, हा विरोध कोणीतरी बोलून दाखवितोच. आणि पोषाख कथेच्या काळाचा नसून चिताऱ्याच्या काळाचा आहे, हें मुलांच्याच तोंडून निघतें. मग वरील परंपरा सांगावी. ती विसरली जात नाहीं.

मुलें वाटेल तें बोलतील, असा पूर्वपक्ष येईल. त्यास उत्तर एवढेंच कीं, बोलणाऱ्याकडे आधार मागावा. पर्वतावर अग्नि आहे म्हणणाऱ्यास धूर दाखवावा लागतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत गेल्या शतकाच्या अखेरीस फिलिप येनवाइन व अबिगेल हाउसन ह्यांनीं जी पद्धति बसविली तिचाहि कणा हाच : चित्रांत काय चाललें आहे तें मुलानें सांगावें, व कशावरून तें चित्रांतूनच दाखवावें. मात्र त्या पद्धतींत मार्गदर्शक स्वतः माहिती सांगण्याचें बहुधा टाळतो, तेवढें आम्हांस मान्य नाहीं. शब्दहि प्रमाणच आहे. त्याचा क्रम दुसरा, इतकेंच.

हा प्रश्न केवळ शाळेचा नव्हे. वा. सी. बेंद्रे ह्यांनीं इ. स. १९३३ मध्यें शिवाजी महाराजांचें अस्सल चित्र प्रसिद्धीस आणलें. त्यापूर्वीं इब्राहिमखान नामक भलत्याच पुरुषाचें चित्र महाराजांचें म्हणून छापलें जात होतें. छापणारे शिकलेलेच लोक होते; चित्राखालच्या नांवावर त्यांनीं विश्वास ठेविला.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं रुमालांत बांधलेल्या सचित्र पोथ्या आहेत. त्यांतील एखादें पान कांचेखालीं ठेवून, काल व लेखक ह्यांची चिठ्ठी झांकून, गांवच्या शाळेंतील आठ-दहा मुलांस अर्धा तास पाहूं द्यावें. तेलकट हात दूर ठेवण्याची दक्षता मात्र मालकानेंच घ्यावी.