बंदुकीच्या नळीतले मीठ

मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. सातवीतल्या मुलालाही ठाऊक असलेल्या या गोष्टीचा रायफलीच्या इतिहासाशी फार जवळचा संबंध आहे.

जुन्या ठासणीच्या बंदुकीत काळी दारू असे. बार उडाल्यावर नळीत काजळीचा जाड थर बसे. तो निघावा म्हणून शिपाई नळी पाण्याने धुऊन कोरडी करीत आणि मग तेल लावीत. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी निर्धूर दारू तयार केली आणि दोनच वर्षांत ती वापरणारी लेबेल रायफल आली. आता काजळी जवळजवळ नाहीशी झाली. मग पाणी कशाला? तेलाची चिंदी फिरवली की काम झाले!

पण तेल लावून ठेवलेली नळी काही दिवसांनी पाहावी तर आतल्या पेचदार खाचांवर तांबूस गंज. साहजिकच ठपका येई शिपायाच्या आळसावर. शास्त्रज्ञांचा संशय होता नव्या दारूतील नायट्रो संयुगांवर. त्यांच्यापासून आम्ल उरत असावे, या समजुतीने अल्कधर्मी द्रावणे वापरली गेली. तरी गंज थांबेना.

अमेरिकेच्या खाण विभागातील विल्बर्ट हफ यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खरा गुन्हेगार सापडला. तो दारूत नव्हता, ती पेटवणाऱ्या टोपीत होता. टोपीतील मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. स्कॉटलंडचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये पेटंट घेतलेल्या युक्तीपासून ते चालत आलेले. क्लोरेट ऑक्सिजन देऊन टाकते आणि मागे उरते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या मिठाचे सख्खे भावंड. प्रत्येक बाराबरोबर त्याचा अगदी पातळ लेप नळीत बसतो. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८४ टक्क्यांवर गेली, की हा क्षार ओलावा ओढून स्वतःच त्यात विरघळतो, आणि तेलाच्या थराखाली गंज सुरू होतो. (कोकणात जुलै महिन्यात ही आर्द्रता रोजचीच!) काळ्या दारूच्या काळातही हा क्षार होताच, पण काजळी काढताना पाण्याबरोबर नकळत धुऊन जाई.

म्हणजे उपाय जुनाच होता. ब्रिटिश सैन्यात .३०३ रायफलीच्या नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतत. तापलेली नळी लवकर कोरडी होई. मग दोरीचा 'फुलथ्रू' आणि चिंदी, शेवटी तेल. एन.सी.सी.त ही रायफल हाताळलेल्यांना हे दोन शब्द आठवत असतील.

वर्गात हे दाखवता येईल. जस्ताचा मुलामा नसलेले दोन खिळे मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवा. एकाला तसेच तेल लावा. दुसरा धुऊन, पुसून मग तेल लावा. पावसाळ्यात काही दिवस ठेवा आणि मुलांनाच निरीक्षण करू द्या.

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनी व अमेरिकेत क्लोरेटऐवजी शिशाचे संयुग वापरणाऱ्या टोप्या बाजारात आल्या. (शिशाचा धूर आरोग्याला घातक, ही गोष्ट निराळी.) सैन्याने मात्र घाई केली नाही. क्लोरेट साठवणीत टिकते याची खात्री असल्याने अमेरिकी सैन्याच्या बहुतेक रायफलींत ते दुसऱ्या महायुद्धातही राहिले.

दुसरा मार्ग होता नळीला आतून क्रोमियमचा मुलामा देण्याचा. क्रोमियम पोलादापेक्षा कठीण, गंज न धरणारे आणि लोखंडापेक्षा उशिरा वितळणारे. म्हणून नळीची झीजही कमी होते. जपानने १९३९ च्या अरिसाका रायफलीत हा मुलामा दिला. युद्ध रेंगाळून टंचाई झाली तेव्हा तो सोडावा लागला.

अमेरिकेने एम-१६ रायफल व्हिएतनामच्या दमट जंगलात पाठवली ती मुलाम्याविना, पुरेशा सफाई-साहित्याविना, आणि वर दारूही बदललेली. काडतूसघर गंजून रिकामी काडतुसे अडकू लागली, ऐन चकमकीत. इथेही प्रथम दोष सैनिकांच्या निष्काळजीपणाला दिला गेला. त्यांची पत्रे अमेरिकी संसदेपर्यंत पोचली आणि १९६७ मध्ये चौकशी समितीने व्यवस्थेवरच ठपका ठेवला. त्यानंतर आधी काडतूसघराला व पुढे संपूर्ण नळीला क्रोमियम लावले गेले.

या थरातही केसाएवढ्या बारीक भेगा असतात. म्हणून जुनी क्लोरेटची काडतुसे झाडली, तर क्रोमियमची नळीसुद्धा पाण्यानेच धुवावी लागते.