मागाला सूत पुरविण्याची कथा

विणकामाचा इतिहास सांगताना लेखक बहुधा धोट्याविषयी लिहितात, वाफेच्या इंजिनाविषयी लिहितात; परंतु मागाला सूत कसे पुरवावे, या प्रश्नाकडे फारसे कोणी वळत नाही. ज्यांच्या घरी पूर्वी माग होता त्या ज्ञातिबांधवांस मात्र हे सांगावयास नको, की कापड पुष्कळदा बिघडते ते पुरवठ्याच्या दोषाने. ताणा अधिक ओढला गेला तर तार तुटते. सैल सुटला तर उभ्या धाग्यांमधील वाट नीट उघडत नाही व धोटा अडकतो. आडव्या धाग्याची कांडी मध्येच संपली तर कापडात खोट राहते. हातमागावर या तिन्ही गोष्टी विणकराच्या बोटांच्या व डोळ्यांच्या स्वाधीन होत्या. खड्ड्याच्या मागावर ताण्याची दोरी मागून वळवून विणकराच्या हाताजवळच्या खुंटीस बांधलेली असे. कापड पुढे सरकले की तो दोरी अंमळ सैल करी. किती सैल करावयाची, हे मोजण्याचे साधन त्याचा हात, दुसरे काही नाही.

हे हाताचे ज्ञान यंत्रास शिकविण्यास सुमारे दोन शतके लागली. लँकेशायरमधील बरी गावच्या जॉन के याने 1733 साली उडत्या धोट्याचे पेटंट घेतले, त्यामुळे विणकामाचा वेग वाढला. 1785 साली एडमंड कार्टराइट या धर्मोपदेशकाने यंत्रमागाचे पहिले पेटंट घेतले. त्याने तोवर माग चालताना पाहिलाही नव्हता, असे त्यानेच लिहून ठेविले आहे. हे त्याच्या यंत्राकडे पाहून पटते! आरंभीच्या यंत्रमागांची मोठी अडचण निराळीच होती. ताण्यास खळ लावण्यासाठी माग वारंवार थांबवावा लागे. स्टॉकपोर्टच्या विल्यम रॅडक्लिफने 1803–04 च्या सुमारास ताण्याची पाजणी मागावर चढविण्यापूर्वीच उरकणारे यंत्र सिद्ध केले, तेव्हा कोठे यंत्रमाग अखंड चालू लागला. पुढे 1842 च्या सुमारास ब्लॅकबर्न येथील केनवर्दी व बुलो यांच्या मागावर एक लहानसा काटा आला. आडवा धागा तुटला वा संपला की हा काटा माग आपोआप थांबवी. धाग्याची चाहूल यंत्रास लागली ती अशी.

ताण्याचा प्रश्न याहून नाजूक होता. आम्ही शाळेत परिघाचे गणित शिकवीत असू तेव्हा मुले विचारीत, याचा उपयोग काय? उपयोग येथे आहे. ताण्याने भरलेल्या बीमचा व्यास 50 सेंटिमीटर धरला तर एका फेऱ्यात सुमारे 157 सेंटिमीटर सूत सुटते. बीम संपत आला व व्यास 15 सेंटिमीटर उरला, की त्याच एका फेऱ्यात जेमतेम 47 सेंटिमीटर सुटते. कापडास मात्र दर वेळी तितकेच सूत हवे. म्हणजे बीमने अखेरीस तिपटीहून अधिक वेगाने फिरले पाहिजे. साध्या मागावर याचा उपाय असा की बीमच्या टोकाभोवती दोर वा साखळी गुंडाळून तिला तरफेवरील वजनाने ताण द्यावयाचा. बीम लहान होत गेला की तोच अडसर धाग्यास अधिक जाचू लागतो. म्हणून विणकराने वजन हळूहळू तरफेच्या टेकूकडे सरकवावयाचे. सरकविण्यास विसर पडला तर तारा तुटू लागत, आणि घाईने अधिक सरकविले तर कापडावर आडवे पट्टे दिसत. गिरणीत पट्टा दिसला की दंड विणकराच्या पगारातून जाई, हे सर्वांस ठाऊक आहे.

आडव्या धाग्याची कथा अमेरिकेत घडली. तिचा नायक जेम्स हेन्री नॉर्थ्रॉप हा जन्माने यॉर्कशायरचा; तो 1881 साली अमेरिकेस गेला व मॅसॅच्युसेट्समधील होपडेल गावी ड्रेपर कंपनीत कामास लागला. साध्या मागावर कांडी चारसहा मिनिटांत रिकामी होई. चार माग सांभाळणाऱ्या लँकेशायरच्या विणकरास दर मिनिटा-दीड मिनिटाने कोणता तरी माग थांबवून कांडी बदलावी लागे. नवी कांडी धोट्यात घातल्यावर धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घेण्याची चाल होती. तोच धोटा अनेकांच्या तोंडी जाई. या प्रकारास मॅसॅच्युसेट्समध्ये 1911 साली बंदी झाली. लँकेशायरमध्ये मात्र 1952 पर्यंत वाट पाहावी लागली. नॉर्थ्रॉपच्या मागावर गोल चकतीत भरलेल्या कांड्यांचा साठा असे. धोट्यातील सूत संपत आले की एक हातोडा नवी कांडी वरून धोट्यात ठोके, जुनी खाली पडे, आणि धोट्यात धागा आपोआप ओवला जाई. हे सारे माग चालू असतानाच! 1889 साली फॉल रिव्हरच्या एका गिरणीत त्याची चाचणी झाली. पुढे ताण्याची तार तुटताच माग थांबविणारी रचनाही त्यात जोडली गेली. ज्या विणकराकडे आठ माग होते त्याच्याकडे सोळा आले.

जपानात साकिची टोयोडा यांनी 1924 साली याहून पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या मागावर धोटाच, माग न थांबता, बदले. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने 1929 साली हे हक्क एक लाख पौंडांस विकत घेतले. एकेकाळी जगास यंत्रे विकणारे लँकेशायर जपानचे हक्क विकत घेते, हा काळाचा फेरा पाहण्यासारखा आहे.

मागांची संख्या वाढविण्याचा प्रश्न आपल्याकडेही कटू झाला. मुंबईच्या गिरण्यांत विणकराकडे सामान्यतः दोन साचे असत. स्वयंचलित यंत्रे न आणताच तीन साचे सोपविण्याचे प्रयत्न काही गिरण्यांत झाले. पगारकपात व कामवाढ यांविरुद्ध 1928 साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जो प्रचंड संप झाला, त्याच्या मुळाशी हेही एक कारण होते. लँकेशायरमध्ये 1931 साली याच कारणाने तंटा झाला. प्रस्तुत लेखकास वाटते की विणकरांचा राग यंत्रावर नव्हता. पुरवठ्याची काळजी यंत्राने घेतली नाही आणि माग मात्र वाढविले, यावर होता.

1953 पासून स्वित्झर्लंडच्या सुल्झर कंपनीचे बिनधोट्याचे माग बाजारात आले. त्यांत धागा थेट मोठ्या कोनवरून येतो. कांडीचा प्रश्न मिटला, पण धाग्यास बसणाऱ्या हिसक्याचा उभा राहिला. हवेच्या झोताने चालणारा आजचा माग मिनिटास हजार आडवे धागे टाकतो. 190 सेंटिमीटर रुंदीस हे मिनिटाला 1,900 मीटर सूत झाले. कोनवरून धागा असा धक्क्याधक्क्याने ओढला तर तो तुटणारच. म्हणून मध्ये एक लहान पिंप बसविलेले असते. त्यावर सुताचे काही वेढे आधीच गुंडाळून ठेवतात. साठा किती उरला हे विजेचा डोळा पाहतो व मोटर आपला वेग त्याप्रमाणे राखते. कोनवरून सूत संथ येते, मागाकडे झटक्याने जाते. ताण्याच्या बाजूसही मागील दांड्यावरील ताण मोजून बीमची मोटर फिरविली जाते. वजन सरकविणारा हात आता नाही.

इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. त्याच गावी आज एका गल्लीत असे बिनधोट्याचे माग दिसतात आणि पलीकडच्या गल्लीत दोर, तरफ व वजनाचे जुने माग अद्याप खडखडत असतात. त्यांच्यावरील विणकर बीम उतरत आला की उठून वजन दोन बोटे आत सरकवितो.