सहावा काटा

डॅशबोर्ड हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. विलायतेत आणि अमेरिकेत घोडागाडीच्या पुढच्या बाजूला लाकडाची किंवा चामड्याची एक आडवी फळी लावत. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल आत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये, एवढंच तिचं काम. शिंतोडे अडवते म्हणून ती डॅशबोर्ड. पुढे घोडा गेला, इंजिन आलं, खूरही राहिले नाहीत. पण फळी होती तिथेच राहिली आणि नावही तेच राहिलं. आता रिकामी फळी समोर दिसली की माणूस तिच्यावर काहीतरी लावल्याशिवाय राहत नाही. आज मोटारीत आपल्यासमोर जे काटे आणि आकडे असतात, ते सगळे या चिखलाच्या फळीवर आलेले पाहुणे आहेत.

आमच्या वर्ध्यात मात्र या फळीचा प्रवास एकदा उलट्या दिशेनं झाला. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. वर्ध्याहून तिथपर्यंतचा रस्ता म्हणजे काळी माती. पावसाळ्यात त्यात चाक रुतलं की रुतलं. वर्ध्याचे जुने लोक सांगत, की जमनालालजींची एक जुनी फोर्ड मोटार इंजिनाविना बैलांना जुंपली होती आणि पाहुणे तिच्यातून नेले जात. ऑक्स म्हणजे बैल आणि गाडी फोर्डची, म्हणून तिचं नाव पडलं ‘ऑक्सफर्ड’. विनोद बापूंच्याच तोडीचा आहे. मला त्यात आणखी एक गंमत दिसते. त्या गाडीत मोटारीचा डॅशबोर्ड पुन्हा आपल्या मूळ कामाला लागला असणार. समोर खूर, खाली चिखल, आणि मध्ये फळी!

फोर्डशी सेवाग्रामचा संबंध एवढ्यावरच संपत नाही. १९४१ मध्ये खुद्द हेन्री फोर्डनं गांधीजींना पत्र लिहिलं, आणि गांधीजींनी त्याला आपल्या सहीचा चरखा भेट म्हणून पाठवला. ज्या माणसानं जग यंत्रावर बसवलं, त्याच्याकडे आमच्या जिल्ह्यातून यंत्र गेलं ते हे.

या फोर्डची जगप्रसिद्ध गाडी म्हणजे मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात ती दीड कोटी निघाली. तिच्या फळीवर काटे जवळपास नव्हतेच. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली. पेट्रोल किती आहे हे बघायचं तर सगळ्यांनी उठायचं, सीट उचलायची आणि टाकीत काडी बुडवायची. इंजिनात तेल किती, हे बघायला गाडीखाली वाकून तोटी उघडावी लागे. विजेचा एक काटा, ज्याला आपले मिस्त्री अँपिअर मीटर म्हणतात, तो १९१९ नंतर सेल्फ स्टार्टरबरोबर आला. बाकी जे हवं ते लोक बाजारातून विकत आणून लावत. त्यातला सर्वांत लोकप्रिय म्हणजे बॉइस कंपनीचा मोटोमीटर. रेडिएटरच्या झाकणावर उभा केलेला हा एक थर्मामीटर होता. ड्रायव्हरनं काचेतून त्याच्याकडे बघायचं आणि पाणी उकळायला आलं की गाडी थांबवायची. कंपनीनं न दिलेला मीटर आपण होऊन बसवणं, ही हौस आजच्या पोरांची नाही. मोटारीच्या जन्माइतकीच ती जुनी आहे.

या काट्यांच्या पोटात काय असतं, तेही थोडक्यात सांगतो. ऑइल मीटरच्या मागे पितळेची एक वाकलेली पोकळ नळी असते. तेलाचा दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. युजीन बूर्दाँ या फ्रेंच माणसानं १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं, ते वाफेच्या इंजिनांसाठी. टेंपरेचर मीटरमध्येही तीच नळी. फक्त तिला केसासारखी बारीक तांब्याची लांब नळी जोडलेली असते आणि तिच्या टोकाच्या बोंडात ईथर भरलेलं असतं. बोंड इंजिनाच्या पाण्यात. पाणी तापलं की ईथरची वाफ होते, दाब वाढतो, काटा हलतो. ही नळी कुठेही तुटली की मीटर मेला. वेगाचा काटा ओटो शुल्झ या जर्मन माणसाचा, १९०२ चा. चाकाबरोबर एक लोहचुंबक फिरतं, त्याच्याभोवतीची ॲल्युमिनियमची वाटी त्याला न शिवताच ओढली जाते, आणि एक बारीक स्प्रिंग तिला रोखून धरते. न शिवता ओढ लावणारा हा चुंबक माझ्यासारख्या कवीला आवडला नाही तरच नवल.

आता हिंगणघाटची गोष्ट. माझे मामू तिथल्या एका जिनिंगवाल्याकडे ड्रायव्हर होते. गाडी कोणती, तर लष्कराच्या लिलावातली जीप. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. लढाई संपल्यावर त्यातल्या बऱ्याच हिंदुस्थानातच राहिल्या आणि लिलावात निघाल्या. पुलगावच्या दारूगोळा डेपोमुळे लष्करी गाड्या आमच्या भागाला नवीन नव्हत्याच. पुढे मुंबईत महिंद्रांनी १९४७ मध्ये विलीज जीपांची जुळणी सुरू केली, त्यामुळे सुटे भागही मिळू लागले. या कंपनीचं नाव आधी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ होतं. १९४५ मध्ये ती निघाली तेव्हा महिंद्र बंधूंचे भागीदार होते मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं, पण एम अँड एम ही अक्षरं तशीच राहिली.

लढाईतल्या जीपचा डॅशबोर्ड म्हणजे पत्र्याची सपाट पाटी. स्टिअरिंग डावीकडे. मधोमध पाच गोल काटे: वेग, पेट्रोल, पाणी, तेल आणि वीज. बाजूला कोणत्या गिअरमध्ये किती वेगानं जायचं ते सांगणाऱ्या धातूच्या पाट्या. वेग मैलांत, साठपर्यंत. पाण्याचं तापमान फॅरनहाइटमध्ये, म्हणजे पाणी उकळतं ते २१२ वर. पेट्रोलची टाकी पुन्हा ड्रायव्हरच्या सीटखालीच.

या पाच काट्यांच्या शेजारी मामूंच्या जीपला एक सहावा काटा होता. मी लहानपणी तो पाहिला तेव्हा सगळ्या जीपांना तो असतोच असं समजत होतो. त्याची कथा साधी आहे. कंपनीच्या टेंपरेचर मीटरची नळी एका उन्हाळ्यात तुटली. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. कापसाच्या गाठींच्या मागे धावणाऱ्या जीपला पाण्याचा काटा नसणं म्हणजे हेड गॅस्केट जळायची वाट बघणं. त्या मापाचा मीटर मिळेना. भंगारात एका ट्रकचा मीटर मिळाला, तो सेल्सिअसचा आणि आकारानं मोठा. मूळच्या भोकात तो बसत नव्हता. मामूंनी जुना मेलेला मीटर जागेवरच राहू दिला आणि पत्र्यावर परकारानं वर्तुळ आखलं. रेघेच्या आतून बारीक ड्रिलनं माळेसारखी भोकं पाडली, छिन्नीनं मधला तुकडा काढला आणि अर्धगोल कानशीनं कड घासली. भोक पुरतं गोल झालं नाही, म्हणून सायकलच्या ट्यूबची एक चकती भोवती दाबून बसवली. मला पुढे बसवलं की म्हणत, ‘बेटा, तू काटे पे नजर रख, रस्ता तो मेरे को दिखताच है.’

वेगाच्या काचेवरही त्यांनी ३० मैलांपाशी लाल रंगाची एक रेघ ओढली होती. १९५६ च्या कायद्यानं देशात दशमान मापं आली, हळूहळू रस्त्यावरचे मैलाचे दगड किलोमीटरचे झाले. पण गाड्यांच्या आतले आकडे कोण बदलणार? एका पिढीच्या ड्रायव्हरांनी बाहेर किलोमीटर वाचत आणि आत मैल वाचत गाड्या हाकल्या. त्या काळात बाजारात नवे मीटर बसवून घेणाऱ्यांची मोठी गरज ही होती. शौक वगैरे नंतरचा.

ती जीप आता माझ्या भाच्याकडे आहे. रंग खरवडताना त्याला बऱ्याच बोल्टांच्या डोक्यावर ‘एफ’ हे अक्षर सापडलं. फोर्ड आपल्या कारखान्यातल्या बोल्टांवर तो छाप मारत असे. म्हणजे आम्ही सगळे जन्मभर जिला विलीज म्हणत आलो, ती फोर्डची निघाली. भाच्याच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम शिरल्या. एक, गाडी विंटेज म्हणून नोंदवायची. दोन, तिला नवे, भरवशाचे मीटर बसवायचे. ज्या गॅरेजमध्ये त्यानं विचारलं तिथे सल्ला मिळाला, की सहावं भोक वेल्डिंगनं बुजवा, पाटी ‘ओरिजिनल’ करा आणि मामांचा मीटर भंगारात टाका.

मला हा सल्ला पटला नाही, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी दुरुस्ती केली. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, जिच्या चासीत, बॉडीच्या सांगाड्यात आणि इंजिनात मोठा बदल झालेला नाही, तिला नंबरमध्ये ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरती रस्त्यावर आणायची. या सगळ्यात एका मीटरच्या भोकानं चासी बदलते असं मला कुठे दिसलं नाही. रॅलीतले परीक्षक मूळपणाचे गुण कापतील, तर कापोत.

आणि मूळ म्हणजे कधीचं? ती गाडी अमेरिकेतल्या कारखान्यात काही दिवस होती, लष्करात काही वर्षं, आणि हिंगणघाटात त्याच्या कितीतरी पट. जुन्या फारसी-उर्दू हस्तलिखितांच्या समासात वाचणाऱ्यांनी लिहिलेलं असतं, त्याला हाशिया म्हणतात. शहाणा संपादक मूळ मजकूर शुद्ध करायचा म्हणून हाशिया खरवडून टाकत नाही. कोणी पाडलं आणि का पाडलं हे ज्या भोकाबद्दल आपल्याला माहीत आहे, ते बुजवणं मला तसंच वाटतं. उलट नवं भोक पाडायलाही माझा विरोधच होता. मामूंना गरज होती आणि दुसरा मार्ग नव्हता. आज मार्ग पुष्कळ आहेत.

शेवटी वर्ध्याच्या एका जुन्या वायरमननं काम केलं. जीप मुळात सहा व्होल्टची. मामूंच्या काळातच ती बारा व्होल्टची झाली होती. पाणी, तेल आणि वेग यांच्या काट्यांना विजेशी देणंघेणं नाही, त्यामुळे त्यांचं बिघडलं नाही. पेट्रोलचा काटा तेवढा विजेवर चालणारा. त्याच्या तारेत रेझिस्टन्स घालावा लागला. अँपिअर मीटरचा धोका वेगळाच आहे. गाडीची बहुतेक सगळी वीज त्याच्यातून जाते, म्हणजे पाटीमागे दोन जाड तारा सदैव जिवंत. एखादा नट सैल झाला की तिथे ठिणगी पडते, आणि जुन्या गाड्या जळतात त्या पुष्कळदा इथूनच. डायनामो काढून अल्टरनेटर बसवला तर जुना मीटर तेवढा करंट झेपवूही शकत नाही. म्हणून वायरमननं अँपिअर मीटर जागेवर ठेवला, पण तारा त्याला वळसा घालून नेल्या. बावन्न मिलिमीटरचा नवा व्होल्ट मीटर आणला. तो पाटीखाली वाकवलेल्या पत्र्याच्या पट्टीवर टांगला. पट्टी पाटीच्याच जुन्या स्क्रूंत बसवली. उद्या काढली तर खूणही राहणार नाही.

खरं कसब पुढे होतं. कंपनीचा मेलेला टेंपरेचर मीटर जिवंत करायचा. त्यासाठी बाजारातल्या एका नव्या मीटरचं बोंड मीठ घातलेल्या बर्फात बुडवून ठेवतात, म्हणजे ईथर गोठत नाही, पण गारठून बोंडात गोळा होतं आणि वाफ होऊन उडून जात नाही. मग नवी नळी कापायची, जुन्या मीटरच्या नळीत जोडायची आणि झटपट डाग द्यायचा. ईथर पेट घेणारं, म्हणून जवळ ज्योत आणायची नाही, तापवलेल्या लोखंडी खुंटीनंच डाग द्यायचा. एप्रिलमधली दुपार होती. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून आणली, तरी वायरमनचं काम होईपर्यंत निम्मी वितळली. डाग मात्र पहिल्याच वेळी बसला.

मामूंच्या मीटरचं बोंड इंजिनाच्या हेडमध्ये होतं, ते तिथेच ठेवलं. जिवंत झालेल्या मीटरचं बोंड रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये जोड देऊन बसवलं. बसवण्याआधी दोन्ही बोंडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यात टाकून पाहिली. कंपनीचा काटा २१० वर थांबला. मामूंचा ९६ वर, म्हणजे तीन अंशांनी कमी. भाच्यानं तो उघडून दुरुस्त करायला नकार दिला. तीन अंश जास्त धरावेत, अशी चिठ्ठी लिहून त्यानं ती पाटीच्या मागच्या बाजूला चिकटवली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)