सेंट अँड्र्यूजचा लौकिक

नाव मोठे आणि लक्षण खोटे, अशी शंका स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे जुने गोल्फचे मैदान प्रथम पाहणारास येते. समुद्रकाठची वृक्षहीन, उंचसखल जमीन आणि तीत दडलेले वाळूचे खड्डे, एवढेच त्याचे दर्शनी वैभव! १५५२ सालच्या सनदेत येथे खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क मान्य झाला. १७६४ साली येथील २२ होलांची फेरी १८ होलांची झाली व पुढे तीच संख्या सर्वत्र रूढ झाली. परंतु केवळ प्राचीनत्वाने मैदान उत्तम ठरते काय? बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. १९२१ साली वाळूच्या खड्ड्यात अडकून त्रासलेल्या जोन्सने अकराव्या होलवरच स्पर्धा सोडली. पुढे १९२७ साली त्याच मैदानावर त्याने ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली आणि १९३० साली ब्रिटनमधील हौशी खेळाडूंचे अजिंक्यपदही मिळविले. १९५८ साली नगराने त्यास मानद नागरिकत्व अर्पण केले. वारा फिरताच येथील कालची सोपी वाट आज बिकट होते. नुसते बाहुबल पुरत नाही, प्रत्येक फटक्यापूर्वी विचार करावा लागतो. हे मर्म एका भेटीत उमगत नाही. सेंट अँड्र्यूजची कीर्ती वयोमानाने पसरली असेल. ती टिकली मात्र गुणांवर.