शीतयंत्राचा सांधा

शीतयंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा वायूंची आणि संशोधकांची वंशावळ सांगतात. परंतु या यंत्रांचे जुने दुखणे सांध्यात आहे, आणि कोणता वायू वापरावा, कोणती नळी घ्यावी, याचा निवाडा पुष्कळदा त्या सांध्यानेच केला आहे. 1834 साली जेकब पर्किन्स यांनी लंडनमध्ये ईथरच्या ज्या यंत्राची सनद मिळविली, त्या जातीच्या यंत्रात थंड बाजूचा दाब वातावरणाहून कमी असे. त्यामुळे तेथला सांधा ढिला पडला की हवाच आत शिरे, आणि ईथर व हवा यांचे मिश्रण म्हणजे स्फोटाला आवतण! पुढे जर्मन अभियंते लिंडे यांच्या अमोनियाच्या यंत्रांनी बियरचे व बर्फाचे कारखाने काबीज केले. पण ओलसर अमोनिया तांब्याला खातो, म्हणून तेथे अंमल लोखंडी नळांचाच राहिला.

तांब्याची नळी रूढ झाली ती घरगुती शीतकपाटांत, सल्फर डायऑक्साइड व मेथिल क्लोराइड या विषारी वायूंच्या संगतीने. अशाच एका शीतकपाटातून सुटलेल्या वायूने बर्लिनमधील एक कुटुंब दगावल्याची वार्ता वाचून आइन्स्टाइन व त्यांचे तरुण सहकारी भौतिकशास्त्रज्ञ झिलार्ड यांनी 1926 च्या सुमारास हलता भागच नसलेल्या शीतकपाटाचा ध्यास घेतला, असे सांगतात. सापेक्षतावादाच्या जनकाला गळतीने कामाला लावावे, हे मला मोठे मौजेचे वाटते. 1930 मध्ये रसायनतज्ज्ञ मिजली यांनी फ्रेऑन हा नवा वायू छातीत भरून घेऊन त्याच फुंकरीने मेणबत्ती विझविली, तेव्हा गळतीचे भय सरले आणि बेफिकिरी सुरू झाली.

स्प्लिट वातानुकूलन यंत्राने हा सांध्याचा प्रश्न कारखान्यातून थेट गृहस्थाच्या भिंतीवर आणला. आतला व बाहेरचा भाग जोडणाऱ्या दोन नळ्यांची चार टोके मिस्त्रीने जागेवरच जोडावयाची: नळी कटरने कापून, आत कीस पडू नये म्हणून तोंड खाली धरून कड साफ करावयाची, नट आधी ओवावयाचा (हा विसरला की सारे पुन्हा!), मग टोक फ्लेअरिंग टूलने 45 अंशांत फुलवून, तेलाचा थेंब लावून, दोन पान्यांनी आवळावयाचे. रबर नाही, डिंक नाही. धातूवर धातू बसतो, आणि फुललेल्या कडेवर केसाएवढा ओरखडा राहिला तरी वायू वाट काढतो.

फ्रेऑनसारख्या वायूंनी ओझोनचा थर झिजतो हे कळल्यावर 1987 चा मॉन्ट्रियलचा तहनामा झाला, आणि आर-22 या वायूच्या जागी दीडपटीहून अधिक दाबाचा आर-410ए व पुढे सौम्य ज्वलनशील आर-32 आला. नट किंचित सैल करून थोड्या वायूने नळीतील हवा हुसकून लावण्याचा जुना दस्तुर त्यामुळे गैरलागू ठरला. आता व्हॅक्यूम पंपाने हवा व ओल काढावी असा कारखानदारांचा हुकूम आहे. परंतु पंप जिन्याने चार मजले वाहून न्यावा लागतो, आणि जुना दस्तुर अद्याप पुष्कळ ठिकाणी चालूच आहे.