टेबलावरची रणभूमी : बेगूरचा वीरगळ आणि सैन्ययादीचा प्रश्न

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
१. प्राचीन-मध्ययुगीन सैन्यांच्या छोट्या प्रतिकृतींनी खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळाचे स्वरूप सांगता येईल.
२. खेळातील नियम हे इतिहासाविषयीचे गृहीतक कसे असते, हे स्पष्ट करता येईल.
३. ग्रंथ, प्रवासवर्णन आणि वीरगळ या साधनांची तुलना करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडण्याचा खेळ तुमच्यापैकी अनेकांनी खेळला असेल. त्या किल्ल्यावर मावळे उभे असतात, पण लढत नाहीत. आता अशी कल्पना करा की समोर दुसऱ्याचे सैन्य आहे, अंतर फुटपट्टीने मोजायचे आहे, फासा टाकून चकमकीचा निकाल लावायचा आहे आणि हे सगळे ठरलेल्या नियमांनी करायचे आहे. यालाच आपण प्रतिकृतींचा युद्धखेळ म्हणू.

प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ पिता-पुत्रांनी १८१२ ते १८२४ या काळात अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी असा खेळ विकसित केला. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून तो घरात आणला. १९९० मध्ये आलेल्या ‘डी बेलिस अँटिक्विटॅटिस’ या नियमावलीत प्रत्येक बाजूला फक्त बारा तुकड्या असतात. एका पट्टीवर चिकटवलेल्या काही प्रतिकृती म्हणजे एक तुकडी.

२. सैन्ययादी म्हणजे काय?

खेळ सुरू होण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो : या बारा तुकड्यांत हत्ती किती, घोडदळ किती, पायदळ किती? याचे उत्तर म्हणजे सैन्ययादी. भारतीय सैन्यासाठी यादी करताना अभ्यासकाचा हात प्रथम ग्रंथांकडे जातो.

महाभारतात ‘पत्ति’ या सर्वांत लहान घटकात एक रथ, एक हत्ती, तीन घोडे आणि पाच पायदळी सांगितले आहेत. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात वेगळा हिशेब आहे : एका घोडेस्वारासमोर तीन पायदळी, एका रथासमोर किंवा हत्तीसमोर पंधरा पायदळी किंवा पाच घोडेस्वार. येथे गल्लत करू नका. पहिला आकडा सैन्याची रचना सांगतो, दुसरा प्रत्येक अंगाचे बळ सांगतो. युद्धखेळात दोन्ही लागतात, पण वेगवेगळ्या ठिकाणी.

शिवाय ग्रंथातील प्रमाण सर्व काळांना लागू पडत नाही. सातव्या शतकातील ह्युएन त्संग हर्षाच्या सैन्याचे आकडे देताना हत्ती, घोडदळ आणि पायदळ सांगतो. रथांचा आकडा देत नाही. नवव्या-दहाव्या शतकातील सैन्यात रथ मांडणारा खेळाडू ग्रंथ वाचतो, पण काळ विसरतो.

३. आनेकल-बेगूर परिसरातील साधन

बेंगळूरच्या दक्षिणेकडील आनेकल या गावाच्या नावात कन्नड ‘आने’ म्हणजे हत्ती आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड हे शब्द दिसतात. जोडून ‘आनेकल्लु’ म्हणजे आकाशातून पडणारी गार. तेव्हा केवळ नावावरून हत्तीची कथा रचू नये. लढणारा हत्ती खरोखर दगडात पाहायचा असेल, तर आनेकलहून होसूर रस्त्याने बेंगळूरकडे येताना पश्चिमेस लागणाऱ्या बेगूरचा वीरगळ अभ्यासावा. तो आता बेंगळूरच्या शासकीय संग्रहालयात आहे.

इसवी सन ९०० च्या आसपासच्या या लेखाचा आशय असा : गंग राजा एरेयप्पाने अय्यपदेवाच्या मदतीसाठी, वीरमहेंद्राविरुद्ध, नागत्तर या सरदाराला सामंतांच्या सैन्यासह पाठवले. तुंबेपाडी येथे लढाई निकराला आली तेव्हा नागत्तर हत्तींना भिडला आणि मारला गेला. पुढे इरुग याला ‘नागत्तर’ हे पद आणि बेंपूर म्हणजे बेगूरसह काही गावे मिळाली.

महाराष्ट्रात बोरिवलीजवळचे एकसरचे वीरगळ आरमारी लढाई दाखवतात. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे : वीरगळ मेलेल्या वीराच्या बाजूने बोलतो.

४. नियम कोणाच्या साक्षीवर?

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. टेबलावर हत्ती हे दुधारी शस्त्र मानण्याची प्रथा आहे : घाबरला की तो आपल्याच माणसांना तुडवतो. या समजुतीमागचा एक महत्त्वाचा आधार म्हणजे इसवी सन पूर्व ३२६ मधील झेलमच्या लढाईचे, एरियनने कित्येक शतकांनंतर लिहिलेले वर्णन. ते जिंकणाऱ्यांच्या परंपरेतून आलेले आहे. हाच नियम तुंबेपाडीला जसाच्या तसा लावला, तर हत्तींना भिडलेला नागत्तर फाशांवर बहुधा वाचेल. दगडावर मात्र तो मेला आहे.

मग वीरगळ खरा आणि एरियन खोटा असे म्हणायचे का? नाही. वीरगळातही हत्ती मोठा असला तरच वीराचे मरण मोठे ठरते. दोन्ही साक्षीदारांना हेतू आहेत. नियम लिहिताना कोणाची साक्ष कितपत धरली, हे सांगणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

दुसरी अडचण शत्रूची. वीरमहेंद्र नेमका कोण, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणजे समोरच्या बारा तुकड्या निश्चित करता येत नाहीत. लेखात सैन्यसंख्याही नाही. मात्र ‘सामंतांचे सैन्य’ हा उल्लेख मोलाचा आहे. हे एकसंध राजसैन्य नव्हते. टेबलावर नागत्तराची सगळी फौज एका हुकमासरशी हलू देऊ नये; तिचे दोन-तीन गट वेगळे हलवावेत. आकडा न देणारे साधनही असा नियम देऊ शकते.

५. सारांश

युद्धखेळ भूतकाळ सिद्ध करत नाही. पण वर्गात ‘हत्ती प्रभावी होते’ असे मोघम वाक्य चालून जाते. टेबलावर किती प्रभावी, कोणासमोर आणि कशावरून, हे ठरवल्याशिवाय पहिली चालही होत नाही. आपले अज्ञान नेमके कोठे आहे, हे दाखवणे हा या खेळाचा अभ्यासातील उपयोग आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. पत्तीचे प्रमाण आणि कौटिल्याचे प्रमाण यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. नागत्तराच्या सैन्यासाठी बारा तुकड्यांची यादी करा. प्रत्येक तुकडीपुढे ‘लेखातून’, ‘ग्रंथातून’ किंवा ‘अंदाजाने’ असे लिहा.
३. तुमच्या परिसरातील एका वीरगळाचे निरीक्षण करा. त्यावरून युद्धखेळाचा कोणता नियम लिहिता येईल आणि कोणता लिहिता येणार नाही?